वाफ्यातली अक्षरं

कडूबाईनं त्या साली मेथी सरळ पेरलीच नाही. शेजारचा भिमाजी बांधावरून जाता जाता थबकला आणि म्हणाला, "वैनी, ही मेथी हाय का रांगोळी?"

"म हाय त्यो," कडूबाई म्हणाली. "म मेथीचा."

भिमाजी डोकं खाजवत निघून गेला. जाऊ द्या त्याला, त्याची कुठली लेक उसाच्या फडात जाणार होती!

ही पंच्याण्णव सालची गोष्ट, कर्जत तालुक्यातली. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचं, त्यात कडूबाई आणि तिचा नवरा महेंद्र ही जोडीही असायची. आदल्या साली चार वर्षांच्या लेकीला, प्रज्ञाला, त्यांनी बरोबर नेलं होतं. एका सकाळी तिला उसाच्या पाचटावर निजवलं आणि दोघं तोडीला लागली. तेवढ्यात मोळ्या भरायला आलेला ट्रॅक्टर मागं सरकू लागला. कडूबाईनं अशी बोंब ठोकली की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला. चाक पोरीपासून हातभर लांब थांबलं. त्या दिवशी कडूबाईनं कानाला खडा लावला, लेक पुन्हा फडात न्यायची नाही म्हणजे नाही.

पण ठेवायची कुठं? सासू आक्काबाई घरीच असायची, तिनं साफ सांगितलं, "दिसभर पोरीमागं पळायला माझं गुडघं न्हाईत बाई. शाळंत जात आसंल तर ठिवते. तेवढाच मला इसावा."

शाळेत भागवत गुरुजी म्हणाले, "सहा पुरी नाहीत, नाव पुढच्या जूनलाच घालता येईल. पण चार अक्षरं ओळखत असेल तर पहिलीच्या पोरांत बसू दे. काहीच येत नसलं तर नुसती रडत बसेल हो. दसरा झाला की आणा, बघू."

कडूबाई स्वतः चौथी शिकलेली. तिनं हौसेनं पाटी आणली. प्रज्ञानं पेन्सिल खाऊन टाकली आणि पाटीवर बाहुली निजवली. दोन धपाटे घालून झाले, लाडीगोडी झाली, कडूबाईनं हात टेकले. घरात घडीभर एका जागी न बसणारी ही पोर विहिरीजवळच्या तुकड्यात मात्र सकाळपासून जेवणवेळेपर्यंत हलायची नाही. माती म्हणजे तिचा जीव की प्राण! मग कडूबाईनं ठरवलं, तुला तिथंच गाठते थांब.

बांधावर बसून ती विळ्याच्या टोकानं वाफ्यात मोठं अक्षर कोरायची, त्या चरीत मेथीदाणे सोडायची आणि वर माती लोटायची. वाफ्याच्या पलीकडच्या अंगाला पाण्याचा पाट. त्या पाटात फ्रॉक खोचून प्रज्ञा उभी. वाफ्याला पाणी सोडायचं काम तिचं, आणि त्या कामाचा तोरा काय विचारता! पाच दिवसांनी पोपटी पानं वर आली की अक्षर मातीवर उभं राहायचं.

"ह्यो कोन?" कडूबाई बांधावरून विचारायची.

"म मेथीचा!" पाटातून उत्तर यायचं.

"आन् ह्यो?"

"ब बैलाचा!"

श शेळीचा झाला, क कणसाचा झाला, ग गवताचा झाला. ओळखता आलं नाही तर त्या अक्षराला त्या दिवशी पाणी नाही, असा कडूबाईचा कायदा. मेथी सुकेल या भीतीनं पोर चुकायचीच नाही.

मधेच प्रज्ञाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. यष्टीची पाटी दिसली, दुकानाची पाटी दिसली, की तिकडं पाठ करायची, ओणवं व्हायचं आणि दोन पायांच्या मधून बघायचं. आक्काबाई म्हणायची, "पोर आसं बघाया लागलं की पाव्हनं येत्यात." तीन आठवडे वाट बघितली, पाव्हणा काही आला नाही.

दसरा झाला. परवा ट्रक येणार म्हणून कडूबाईनं लेकीला न्हाऊ-माखू घालून शाळेत नेलं. आक्काबाई साक्षीला, महेंद्र दाराशी. वर्गातली पोरं टकामका बघत होती.

गुरुजींनी फळ्यावर मोठा म काढला. "सांग बाळा, हे काय?"

प्रज्ञानं म कडं पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

"बरं, हे?" गुरुजींनी ब काढला, मग श काढला.

कडूबाईच्या डोळ्यांपुढं पाचट आलं, ते चाक आलं. "सांग की गं माझे बाय," ती काकुळतीला येऊन म्हणाली, "रोज तर सांगतीस!"

"मी म्हनलं न्हवतं?" आक्काबाई पुटपुटली. महेंद्रनं मान खाली घातली. गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. "असू द्या बाई. पुढच्या साली बघू."

तेवढ्यात प्रज्ञानं फळ्याकडं पाठ केली, ओणवी झाली आणि दोन पायांच्या मधून फळ्याकडं बघत ओरडली, "म मेथीचा! ब बैलाचा! श शेळीचा!"

अख्खा वर्ग खो-खो हसायला लागला. गुरुजींनी पटकन क काढला, ग काढला. पोरीनं उलट्या मुंडीनंच दोन्ही सांगितले.

आणि कडूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं बया!" तिनं कपाळावर हात मारला. "गुरुजी, चूक तिची न्हाई, माझी हाय. मी बांधावर बसून काढायची, ती समोर पाटात हुबी. मला सुलटं दिसायचं त्ये तिला सारं उलटं दिसायचं वो! पोर उलटीच अक्षरं शिकली माझी!"

मेथीची सगळी हकीकत ऐकून गुरुजींना डोळे पुसायची वेळ आली, एवढे हसले. मग म्हणाले, "बाई, जिनं उलटी पाठ केली तिला सुलटी करायला आठवडाही लागायचा नाही. उद्यापासून पाठवा. आणि आजपासून तिला बांधावर बसवा, पाटात तुम्ही उतरा."

कडूबाईचा जीव भांड्यात पडला. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी दोन्ही एकदमच आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. महेंद्रनं लेकीला खांद्यावर उचलून घेतलं. आक्काबाई म्हणाली, "ठिवते बाई, ठिवते. आता शब्द फिरवून काय करू!"

तिसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ट्रक निघाला. गठुडी, भांडी, कोयते, माणसं, सगळं कोंबून भरलेलं. लेकीला आधीच शेतात धाडलं होतं, निघताना रडारड नको म्हणून. पण रस्ता विहिरीवरूनच जात होता. कडूबाई फळीला धरून उभी राहिली, नजर वाफ्यावर.

प्रज्ञा बांधावर बसली होती, अगदी आईच्या जागेवर. गुडघ्यांचं रडगाणं गाणारी आक्काबाई लुगडं खोचून पाटाच्या पाण्यात उभी होती. पोर हातातली काडी मेथीवर नाचवत विचारत होती, "आजी, ह्यो कोन?"

"मला काय ठावं बाई, किडामुंगी दिसतीया."

"तिकडून न्हाई दिसत!" प्रज्ञा खेकसली. "इकडं ये, माझ्यापाशी बस!"

आक्काबाई कण्हत-कुंथत बांधावर चढली आणि नातीच्या शेजारी टेकली. ट्रक पुढं गेला. कडूबाईनं फळी सोडली आणि गठुड्यावर निवांत बसून घेतलं.