हातावरचं गाव

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पंजाबरावानं कौसल्येला कधी वणीचा बाजारसुद्धा दाखवला नव्हता. आणि त्या दिवशी जंगलातल्या नाक्यावरून घरी येऊन, पायातल्या वहाणा काढता काढता तो म्हणाला, "दिवाळी होऊ दे, तुले हैदराबाद दाखवतो."

कौसल्या भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"कोनाले? मले?"

"मंग कोनाले? चारमिनार हाय, गोवळकोंडा हाय. तिथी खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली का पार वरच्या टोकावर ऐकू येते म्हनते. दोन-तीन दिवस फिरू, अन् वापस."

दुसरी एखादी असती तर पदर खोचून साऱ्या मुकुटबनभर सांगत सुटली असती. कौसल्येला मात्र भीती वाटली. त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव नंदाबाई.

नंदाबाई शेजारच्या गावची. पोटी मूल नव्हतं. तिचा नवरा तिला नागपूर दाखवायला म्हणून घेऊन गेला आणि एकटाच परत आला. गर्दीत चुकामूक झाली म्हणे. गावात येऊन तो ओक्साबोक्शी रडला, अन्नाला शिवेना, लोकांनी त्याची समजूत घातली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच अंगणात मांडव पडला. त्याच लोकांनी पंगतीत बसून बुंदी खाल्ली, विडे चघळले आणि घरी गेले. नंदाबाईला शोधायला कुणी गेलं नाही. अक्षरओळख नसलेली बाई, घराबाहेर कधी पाऊल न टाकलेली. ती त्या गर्दीत कुणाला काय सांगणार होती?

कौसल्येच्याही पोटी मूल नव्हतं. आईबाप गेलेले. एक भाऊ होता तो राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला, आणि बहिणीची आठवण त्याला भाऊबीजेपुरती यायची. म्हणजे दिवाळी झाली की वर्षभर तिची चौकशी करणारं कुणी नव्हतं. दिवाळीनंतरच का जायचं, असं तिच्या मनात आलं.

पूर्वी बरं होतं असं म्हणायची बायकांवर वेळ यावी, यासारखी लाजेची गोष्ट नाही. पण पूर्वी मूल होत नसेल तर नवरा दुसरी आणायचा, आणि पहिली चुलीच्या कोपऱ्यात का होईना, पडून राहायची. आता सरकारनं कायदा केला होता. पंजाबराव जंगल खात्यात नाकेदार, अंगावर खाकी कपडे. पहिली असताना दुसरी केली तर नोकरी जाते, असं कचेरीतल्या बाबूनं त्याला बजावलं होतं. हे कौसल्येला ठाऊक होतं, कारण तिची सासू रुखमाबाई सरकारला शिव्या घालायची ती काही दबक्या आवाजात नाही.

"एकच बायको म्हने! अन् ते वांझ निंगाली तं मानसानं काय करावं? बसून राहावं का वंशाचा दिवा इझवून?"

घराची भिंत कुडाची. पलीकडे बोललेलं सगळं अलीकडे यायचं.

सासूला कौसल्या आत्याबाई म्हणायची. तिनं एकदा धीर करून नवऱ्याला विचारलं, "अवो, त्यापेक्षा माहूरले जाऊ ना. आत्याबाईबी येतीन. देवीचं दर्शन होईन."

"माहूरात सारे वळखीचे भेटतात," पंजाबराव तंबाखू मळत म्हणाला. "कायची मजा?"

बोलणं अगदी साधं होतं. पण कौसल्येनं ते शेतात कापूस वेचताना दिवसभर उलटंसुलटं करून पाहिलं. ओळखीचे लोक भेटले तर बिघडतं कुणाचं? चोराचं. नाहीतर ज्याला एकट्यानं परत यायचं असतं त्याचं.

मग घरात प्रेमाचा पूर आला. रुखमाबाईचा हात तुपाच्या बाबतीत असा आखडता, की जावयाला वाढतानासुद्धा तिचा जीव खालीवर व्हायचा. तीच रुखमाबाई सुनेच्या भाकरीवर तूप सोडू लागली. "खाय वं, प्रवास हाय," म्हणायची. पंजाबरावानं वणीहून हिरवं लुगडं आणलं. भाकरी करपली तरी तो ओरडेना. माणसाला मायेनं गहिवरून यावं अशा या गोष्टी, आणि कौसल्येला प्रत्येक गोष्टीचं भय वाटे. बैलाला विकायच्या आधी सरकी जास्त घालतात, हे तिनं माहेरी पाहिलं होतं.

एके दिवशी सासू म्हणाली, "गळ्यातली पोत अन् पाटल्या माह्याजवळ ठेवून जाजो. परमुलखात चोर लय."

यातही चुकीचं काही नव्हतं. चोर असतातच. कौसल्येनं पोत आणि पाटल्या काढून दिल्या. रुखमाबाईनं त्या आपल्या पेटीत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कौसल्येच्या गळ्यात तेवढे काळे मणी राहिले.

आपण उगीच पाप मनात आणतोय, असंही तिला मधेच वाटायचं. माणूस खरंच हौसेनं नेत असेल. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं. खालची टाळी वर ऐकू येते म्हणजे काय, ते तिला कळत नव्हतं आणि ऐकायचं होतं. तो खाली उभा राहून टाळी वाजवेल आणि आपण वर कान देऊन बसू, असं ती मनात रंगवायची. पण चित्र तिथवर आलं की पुढं तिला हटकून एकच दिसायचं. आपण वर कान देऊन बसलोय, आणि खालून टाळी येतच नाही.

बाजाराच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली लालीबाई गोंदणारीण बसायची. तिला पाहून कौसल्येला एकदम सुचलं. ती तशीच शाळामास्तरांच्या बायकोकडे, विमलताईंकडे गेली आणि म्हणाली, "ताई, माह्या हातावर शाईनं गावाचं नाव लिहून द्या. मुकुटबन. अन् खाली वणी."

विमलताईंना हसू आलं. "अगं, बायका नवऱ्याचं नाव गोंदवून घेतात. गावाचं कोण गोंदवतं?"

"नवरा तं सोबतच राहीन ना, ताई. मंग त्याले कायले गोंदू?"

विमलताईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. टाक शाईत बुडवून हाताच्या आतल्या अंगाला मोठ्या ठळक अक्षरांत नाव लिहून दिलं. लालीबाईनं त्या शाईवरून सुया टोचल्या. कौसल्येनं दातांखाली पदर धरला. टोचून झाल्यावर लालीबाईनं हळद लावली आणि म्हणाली, "मेल्यावरबी जात नाही हे."

हात सुजला, ठणकला. कौसल्या तो पदराआड घेऊन वावरत होती. पण भीती बरीच ओसरली. आता तिला कुठंही सोडलं तरी हात पुढं करायचा. तिला वाचता येत नसेल, जगाला तर येतं. कुणीतरी भला माणूस वाचेल आणि गाडीत बसवून देईल.

दिवाळी झाली. भाऊ राजूरहून आला, ओवाळून घेऊन गेला. निघायचा दिवस जवळ आला. पंजाबराव जेवायला बसला होता, कौसल्या वाकून वरण वाढत होती, आणि पदर घसरला.

"हे काय?" त्यानं तिचं मनगट धरलं. हात उजेडाकडे वळवून त्यानं अक्षरं लावली. "मुकुटबन... वणी..." मग वर बघून म्हणाला, "कायले केलं हे?"

"गर्दीत हरवली तं," कौसल्या म्हणाली. "मले काही सांगता नाही आलं तरी लोकं वाचतीन. कोनीबी आनून सोडन मले घरी."

आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं हसावं, असं तिला वाटत होतं. "येडी हायस का, मी मेलो का सोबत?" असं म्हणून डाफरावं. पूर्वीसारखं ताट भिरकावलं असतं तरी तिनं ते आनंदानं उचललं असतं. देवा, हा ओरडू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती.

पंजाबरावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं तिचा हात सोडला, घाईनं. रुखमाबाई पुढं आली. "काय लिवलं रे तिनं?"

"गावाचं नाव."

सासूनं एकदा सुनेच्या हाताकडे पाहिलं, एकदा लेकाकडे पाहिलं, आणि चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं.

"यंदा राहू दे हैदराबाद," पंजाबराव ताटात बघत म्हणाला. "रजेचं काही खरं नाही. मंग पाहू."

"हो बाप्पा," रुखमाबाई म्हणाली. "कापूस वेचाचा हाय."

कौसल्या भिंतीला टेकून खाली बसली. इतके दिवस तो नुसता संशय होता, आणि संशयाला निदान खोटं ठरायची जागा असते. आता ती जागा उरली नव्हती. हैदराबाद रद्द झालं होतं, आणि ते का, हे त्या घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मग ती म्हणाली, "मंग माही पोत अन् पाटल्या द्या, आत्याबाई."

"राहू दे ना माह्याजवळ," रुखमाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "कवातरी जाचंच हाय."

त्या दिवशी कौसल्येच्या भाकरीवर तूप पडलं नाही. तिनं कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळली आणि भांडी घेऊन विहिरीवर गेली. विहीर खोल होती आणि दुपारची वेळ असल्यानं आसपास कुणी नव्हतं. तिथं रोज एकटीनं यायचं असतं, हे तिला आजच जाणवलं. ती काठापासून दूर, बाभळीशी बसून भांडी घासू लागली आणि पुन्हा पुन्हा मागं वळून पाहू लागली.

निघून जावं, असं तिच्या मनात आलं. कुठंही. राजूर, बल्लारशा, नाहीतर त्या हैदराबादलाच. पण राख लावताना तिचं लक्ष हातावर गेलं. सूज उतरून अक्षरं आता स्वच्छ दिसत होती. तिनं राखेनं ती घासली, मग नारळाच्या शेंडीनं घासली, कातडं लाल होईपर्यंत घासली. ती कुठंही गेली, तरी कुणीतरी भला माणूस हे वाचणार होता. मायेनं तिला गाडीत बसवून देणार होता, थेट मुकुटबनला आणून दारात उभी करणार होता. आणि दार उघडायला पंजाबराव असणार होता.