सालेवाओंचा समुद्र, पेलेनातोची डुकरं

पेलेनातोची डुकरं गावानं दोषी ठरवली, तेव्हा ती झोपलेली होती.

आठवडाभर गावात असा काही वास सुटला होता, की रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन अर्ध्यात सोडून सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळं केलं. सोमवारी मुख्य सरदार सालेवाओंनी सभा बोलावली आणि नाकावरचा रुमाल न काढताच निकाल दिला, "ज्याची घाण, त्याला दंड. पेलेनातो, तुझी पाचही डुकरं गावाला!"

शनिवारी पेलेनातोला वडिलांची सरदारकीची पदवी मिळायची होती. गावाला डुक्कर खाऊ न घालता पदवी घेणारा माणूस सामोआत अजून जन्माला आलेला नाही.

"सरदार, वास समुद्राकडून येतोय," तो म्हणाला.

"आमच्या समुद्राला वास?" सालेवाओ कडाडले. "त्या खडकांपर्यंतचं पाणी पणजोबांपासून आमच्या घराण्याचं. तिथला मासा आम्हाला विचारल्याशिवाय शेपूट हलवत नाही!"

बाकीच्या सरदारांनी माना डोलावल्या. त्यांना भूक लागली होती.

पेलेनातोनं राजधानीत, आपियाला, हवामान खात्यातल्या भाचीला, सिनालेईला, फोन लावला आणि आवाज मोठा करून सभेपुढं धरला.

"मामा, एल निन्यो आहे," ती म्हणाली. "वारे मंदावले, पश्चिमेला साठलेलं गरम पाणी पूर्वेकडं सरकलं. आपल्याकडं समुद्रच फूटभर खाली गेलाय. ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं, उन्हात मरतं, कुजतं. म्हातारी माणसं याला ताईमासा म्हणायची, नासकी ओहोटी."

"हे किती दिवस चालणार?"

"काही महिने."

"आणि माझी डुकरं?"

"त्याचा अंदाज आम्ही देत नाही, मामा."

"पोरगी हुशार आहे," सालेवाओ म्हणाले. "पण डुकरं भाजायच्या भट्टीचे दगड तापलेत."

संध्याकाळपर्यंत पाचही डुकरं संपली. रीतीप्रमाणे पेलेनातोलाही एक तुकडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली आणि वास दुप्पट झाला. पेलेनातो सभेत उभा राहिला.

"डुकरं तर तुमच्या पोटात गेली. मग आता हे काय नासतंय?"

सगळे समुद्राकडं बघायला लागले आणि तिथून सालेवाओंकडं.

"समुद्र तसा देवाचा," सालेवाओ घाईनं म्हणाले.

"वा!" मागून एक सरदार ओरडला. "मग उद्यापासून आम्ही पण तिथं जाळी टाकतो!"

"तसं नव्हे..." सालेवाओंनी पाद्रीबाबांकडं आशेनं पाहिलं.

पाद्रीबाबांकडं सात डुकरं होती. "देवानं तो कधीच सालेवाओंच्या पणजोबांना देऊन टाकलाय," ते ठामपणे म्हणाले.

सालेवाओंनी बराच वेळ घाम पुसला. "आमचाच आहे," शेवटी ते पुटपुटले. "किती?"

"पाच!" अख्खी सभा एका सुरात म्हणाली.

शनिवारी पेलेनातोला थाटात पदवी मिळाली. सालेवाओंची डुकरं उत्तम भाजली होती म्हणतात. जेवण नेमकं ओहोटीच्या वेळी पडलं, त्यामुळं चव कशी होती ते कुणालाच सांगता आलं नाही.