नात्याचा रकाना

मी एक जुना बॉलपेन आहे. इस्पितळाच्या भरती-खिडकीला मला सुतळीने बांधलंय, कारण मित्रांनो, दुसऱ्याचा पेन खिशात घालताना भल्याभल्यांना लाज वाटत नाही. नवा होतो तेव्हा "काय सरसर चालतो" म्हणत लोकांनी माझ्याकडून बाळंतपणं लिहून घेतली, मोडलेली हाडं लिहून घेतली. आता टोपण हरवलंय आणि कारकून माझ्याने कान कोरतो.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. आत स्ट्रेचरवर त्यांनी आणलेले म्हातारे घड्याळजी शुद्ध हरपून पडले होते, अपेंडिक्स फुटायच्या बेतात. बारापर्यंत ऑपरेशन व्हायलाच हवं होतं. साडेदहा वाजले होते. नात्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'माझा माणूस'.

"हे यादीत नाही," कारकून म्हणाला. "लग्न झालंय?"

"नाही. एकोणीस वर्षं सोबत आहोत."

"एका घरात?"

"दोन गल्ल्या सोडून. त्याला पहाटे रेडिओ लागतो, मला झोप."

"मग तुमची सही चालत नाही. कायद्याने तुम्ही त्यांच्या कोणी नाही. रक्ताचं कोणी बोलवा."

तो नियमाप्रमाणेच बोलत होता, हेच मला डाचतं. हा नियम लिहिणाऱ्याच्या हातातही माझ्यासारखाच एखादा पेन असणार.

घड्याळजींचा पुतण्या पावणेबाराला उगवला. सहा वर्षांत काकाकडे फिरकला नव्हता. त्याने मला उचललं आणि तिथेच अडला.

"काकू, यांचं वय काय?"

"एकाहत्तर."

"ऍलर्जी?"

"पेनिसिलीनची. ठळक लिही."

सगळी माहिती बाईंची, सही त्याची.

"हा मला काकू म्हणतोय," बाई कारकुनाला म्हणाल्या. "आता मी कोण लागते?"

"काकू तर मीही म्हणेन तुम्हाला."

पुतण्या कामावर निघून गेला. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "नातेवाईक कोण आहेत?"

बाई उठल्या. "नातेवाईक गेला. मी आहे."

"मग त्यांना फोनवर कळवतो," म्हणून डॉक्टर आत वळले. ऑपरेशन नीट झालं, ही बातमी भिंतीपलीकडून निघून पुतण्याच्या कामावर गेली आणि तासाभराने त्याच्या फोनवरून बाकड्यापाशी बाईंपर्यंत पोचली. तोवर बाई बसल्या नाहीत.

मित्रांनो, मला नवं टोपण नको, एवढं ऐका. तुमच्या घरातही अशी एखादी आजी आणि तिचा माणूस असेल. दोघं धडधाकट आहेत तोवर वकिलाकडे न्या, कोणी कोणासाठी सही करायची ते लिहून घ्या. आणि उद्या याद्या करायचं काम तुमच्या हाती आलं, तर एक रकाना कोरा सोडा. तो भरायला माणसं येतील.