हिनेकुराला नेलेली होडी

मित्रांनो, वाळुंजीच्या झाडाखाली पालथे पडलेले हे लांबट, शेवाळलेले लाकूड म्हणजे मी. जवळ या, पण हात लावू नका. माझे पुढचे टोक करवतीने सपाट कापलेले तुम्हाला दिसेल. होडीची नाळ म्हणजे तिचे नाक. माझे नाक कापले गेले ते कसे, हे सांगताना आजही मला खाली पाहावेसे वाटते.

मी टोटारा झाडाची. पेहिमाना नावाच्या एका तरुणाने मला घडवले. त्याला नदीपलीकडची हिनेकुरा बायको म्हणून हवी होती. तिचा बाप भर अंगणात त्याला म्हणाला, "पोरीला नेणार कशातून? पाठीवर बसवून? तू पोहतोस तर दगडासारखा!" सगळे गाव हसले. पेहिमाना हसला नाही. तो वरच्या रानात गेला, झाडाची रीतसर परवानगी मागितली आणि हिवाळाभर राबला. निखाऱ्यांनी माझे पोट जाळायचे, मग वाकसाने तासायचे, पुन्हा जाळायचे. थंडी सरली तेव्हा मी पाण्यात उतरले, आणि हिनेकुरा माझ्यात बसून सासरी आली.

त्यानंतर मी काय काय वाहिले! रताळ्यांच्या टोपल्या, धुरावलेले वाम मासे, लग्नाची वऱ्हाडे, भांडून माहेरी निघालेल्या बायका आणि समजूत काढून परत आणलेल्या त्याच बायका. खळखळाटात उभे राहून लांब वाशाने मला वर रेटणे हिनेकुराला नवऱ्यापेक्षा चांगले जमायचे. तिची दोन मुले, मेरेआना आणि होहेपा, माझ्या तळाशी झोपून मोठी झाली. खालच्या वळणावर मिशन आले तेव्हा पहिल्या जोगिणींना हिनेकुरानेच माझ्यातून नेले. त्या इतक्या ताठ बसल्या होत्या, की ती म्हणाली, "सिस्टर, श्वास घ्या. श्वास घेतल्याने होडी बुडत नाही." नदीकाठची माणसे म्हणत, या होडीला पाणी ओळखते. मला फार अभिमान वाटायचा.

पेहिमाना गेला. मग काही वर्षांनी हिनेकुराही गेली. तिला माझ्यातच निजवून, डोके माझ्या नाळेकडे करून, वर तिच्या माणसांच्या दफनभूमीत नेले. परत आल्यावर तिची धाकटी बहीण, 'ते पाएआ' तिचे नाव, सगळ्यांना म्हणाली, "हिचे काम झाले. आता ही तापू." तापू झालेल्या वस्तूला आमच्याकडे कोणी शिवत नाही. शिजलेले अन्न तर तिच्या आसपासही नेत नाहीत. मला वाळुंजीखाली ठेवले, ते हिनेकुराबरोबर मातीत जाण्यासाठी. परक्याला वाटले असते, टाकून दिली. पण तो माझा मान होता.

मग मिशनमध्ये सिस्टर बेनिग्ना आल्या. बाई मनाने चांगल्या, कामाला वाघीण. मेरेआना त्यांच्या स्वयंपाकघरात काम करी. तिचा नवरा दूर कुठेतरी रस्त्याच्या कामावर गेलेला. तिच्या पोरीला विषमज्वर झाला तेव्हा सिस्टर उशाशी बसून राहिल्या, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिल्या, आणि पोर वाचली. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे जे झाले ते वाईट माणसांमुळे झालेले नाही.

मिशनची अनाथ मुले पुष्कळ, त्यांच्यासाठी पाळलेली डुकरेही पुष्कळ. डुकरांची चारा घालायची डोण फुटली. सिस्टर नदीवर फिरायला आल्या आणि त्यांनी मला पाहिले. शहरातून आलेल्या सुताराला घेऊन त्यांनी मला ओढत नेले. डुकरांच्या कुंपणात मी बसेना म्हणून त्याने माझी नाळ कापून टाकली.

मेरेआना बादली घेऊन बाहेर आली, आणि जागीच थांबली.

"बघ, मेरेआना, किती छान डोण मिळाली! कुणीतरी फेकून दिली होती."

"सिस्टर, ती होडी आहे."

"होती," सिस्टर हसल्या. "होडी काय आणि डोण काय, पोकळ लाकूडच ना? वाया कशाला घालवायचं? घाल बरं त्यात. आणि तो तुकडा चुलीत सार."

वर्गातून मुलांच्या गाण्याचा आवाज येत होता. त्यात तिच्या पोरीचा आवाज होता. मेरेआनाने तिकडे पाहिले. मग तिने बादली उलटी केली. जिथे तिच्या आईचे खांदे टेकले होते, तिथे उकडलेल्या बटाट्यांचे पाणी पसरले, आणि डुकरांनी तोंडे घातली.

त्या दिवसापासून ती रोज मान फिरवून ओतायची. कापलेला तुकडा मात्र तिने चुलीत घातला नाही. एप्रनखाली झाकून नदीवर नेला आणि प्रवाहात सोडला. तेवढेच तिला करता आले. मला राग आला नाही तिचा. मी लाकूड आहे, पण लाजेने तिची मान किती खाली गेली होती ते मला दिसत होते, आणि माझीही तीच गत होती.

एके दिवशी होहेपा वाम मासे घेऊन बहिणीला भेटायला आला. कुंपणाशी येताच त्याच्या हातातली टोपली गळून पडली.

"ताई, हे काय आहे?"

मेरेआनाने हातातली बादली खाली ठेवली.

"कोण घालतं यात?"

तिने बादलीकडे पाहिले. तेव्हा त्याला कळले.

"त्या गोऱ्या बाईला काय माहीत असणार! पण तू होतीस ना इथं? तोंडात काय रताळं कोंबलं होतंस?"

"तिनं माझी पोर वाचवली, होहेपा."

"म्हणून आईला डुकरांपुढं टाकलीस?"

तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला. पुढच्या रविवारी प्रार्थनेला कोणी आले नाही. शाळेत फक्त अनाथ मुले आणि मेरेआनाची पोर उरली. सिस्टरनी विचारले, "मेरेआना, लोकांना झालंय काय?" ती म्हणाली, "नदी चढली असेल, सिस्टर." नदी तर उन्हात चमकत होती. एका न बोललेल्या शब्दापायी तिला आता खोटेही बोलावे लागत होते.

मग एका सकाळी सगळे गाव फाटकाशी येऊन उभे राहिले. पुढे काठी टेकत ते पाएआ. सिस्टर ओला हात एप्रनला पुसत धावत आल्या. "या, या! किती दिवसांनी! चहा टाकते."

"चहा नको," ते पाएआ म्हणाली.

तिने मला पाहिले आणि गळा काढला. मैताच्या दिवशी काढतात तसा, लांबलचक. हिनेकुरा जणू आत्ताच गेली होती. मागच्या बायकांनी सूर धरला. सिस्टर थिजल्या. होहेपा बोलायला पुढे झाला, पण मेरेआना मध्ये आली.

"मावशी, आईला हिच्यातून नेलं होतं हे सिस्टरना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या हातानं ओतलं मी. रोज."

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. "हिच्यातून... तुझ्या आईला?" त्या कशाबशा म्हणाल्या. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होता. आणि तुमचे उपकार... कसं सांगू?"

सिस्टर तशाच डुकरांच्या चिखलात गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यातला खरकटा लगदा उपसू लागल्या.

"राहू द्या, बाई," ते पाएआ म्हणाली. "तुमचा हात लागला तेवढा पुरे झाला."

सिस्टर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्या चिखलाकडे पाहून रडत होत्या, पण आवाज नव्हता.

ते पाएआ भाचीकडे वळली. "लाज वाटते?"

"वाटते, मावशी."

"वाटू दे. वाटायलाच हवी." म्हातारीने काठी चिखलात रोवली. "पण मला सांग, पोर तापानं फणफणली होती तेव्हा आम्ही कुठं होतो? मी तर वरच्या गावी लग्नात नाचत होते. होहेपा, तू कुठं होतास?"

होहेपाने मान खाली घातली.

"आपल्यातलं कुणी उशाशी असतं, तर हिच्यावर एवढं ओझं आलं असतं का? आता हिला काय बोलता रे!" एवढे बोलून तिने मेरेआनाचा चेहरा जवळ ओढला, आणि आमच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक टेकवले.

डुकरांनी माझ्यातून खाल्ले होते, म्हणून ती आता कोणी खायची नव्हती. मुलांचे हिवाळ्याचे मांस होते ते. सिस्टरनी स्वतः फाटक उघडले. पुरुषांनी डुकरे रानात हाकलली. मला नदीच्या पाण्याने धुतले, मंत्र म्हटले आणि उचलले.

"मी येऊ का?" सिस्टरनी विचारले.

"या. पण मागून."

त्या सगळ्यांच्या मागून, चिखलाने भरलेल्या झग्यात, वाळुंजीपर्यंत आल्या.

पुढचे मला मेरेआनाने सांगितले. ती अधूनमधून येते, थोडी लांब बसते आणि आईशी बोलावे तशी बोलते. त्या हिवाळ्यात मिशनच्या स्वयंपाकघराच्या दाराला धुरावलेल्या वाम माशांच्या जुड्या टांगलेल्या सापडत. कोण टांगून गेले, कोणी सांगत नसे. पहिल्या दिवशी सिस्टर ताटावर नुसत्या बसून राहिल्या. मेरेआना म्हणाली, "खा, सिस्टर. आमच्याकडे लाजलेल्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत." त्या जेवल्या, पण मान वर न करता. आणि मेरेआनालाही ते बोलून हलके वाटले नाही. ते बादलीतले पाणी अजून तिच्या कानात वाजते, असे ती मला सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचे असते, आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. माझे तसे मागणे नाही. मला कुजू द्या. पावसाने, मुंग्यांनी आपले काम करावे आणि मी हिनेकुराकडे जावे. फक्त वाटेत काही बेवारस दिसले तर उचलण्याआधी विचारा, हे कोणाचे? आणि ज्याला विचाराल तो तुमच्या उपकाराखाली दबलेला असेल, तर त्याला खरे बोलता येईल अशा रीतीने विचारा. हे अवघड आहे. सिस्टर बेनिग्नांना ते शिकायला बरीच वर्षे लागली. आणि "नाही, सिस्टर" हे दोन शब्द उच्चारायला मेरेआनाला त्याहून जास्त.