निळं तीर्थ आणि कुशाबाची किल्ली

त्या दिवशी आमच्या परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निळकंठबुवा. त्याने कुशाबाच्या खोलीची लोखंडी किल्ली भस्माने खसाखसा घासली, निळ्या तीर्थाच्या भांड्यात सोडली आणि पुटपुटत बसला. काढली तेव्हा किल्ली लालभडक, तांब्याची.

"दोन वर्षांपूर्वी तांब्याचा टाक समुद्रात बुडवलास ना? तो देव परत आलाय," बुवा म्हणाला. "ती बुद्धाची तसबीर उतरव आणि देव मांड. पोरीला रोज तीन पळ्या तीर्थ पाज. ओकली तर समज, कोप बाहेर पडतोय."

कुशाबा गिरणीत साचे चालवतो. धम्मदीक्षा घेऊन आला आणि घरातले देव दादरला सोडून आला, तेव्हा कुणाच्या बापाला भ्याला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठीने खांदा निखळला, तरी याची घोषणा थांबली नाही. पण अकरा वर्षांची नलू दहा दिवस तापाने फणफणली आणि हाच माणूस एका भांड्यापुढे हात जोडून बसला. वेड्याचा बाजार नाहीतर काय.

मी शैला, खालच्या मजल्यावर राहते, शाळेत शास्त्र शिकवते. नलू माझ्याच वर्गात. मी वर पोचले तेव्हा पहिल्या तीन पळ्या पाजून झाल्या होत्या, ती हिरवं-निळं ओकत होती आणि शेजारणी त्या ओकारीला नमस्कार करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, तीर्थ नको," नलू माझा हात धरून म्हणाली. "तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं लागतं."

"कुशाबा, हिला आत्ता इस्पितळात ने."

"देवाचं काम आहे बाई, तुम्ही मध्ये पडू नका." त्याची बायको शेवंती नुसती रडत होती.

दारात लवू उभा होता, मालवणकडचा, गिरणीच्या रंगखात्यात कामाला. भांड्यात डोकावून तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, ह्यां तर मोरचूद. आमच्याकडे गोणी भरून आसता."

त्याला नाक्यावर पिटाळलं. पुडी आली, ती मी सगळ्यांसमोर पाण्यात विरघळवली. पाणी निळं झालं. मग बुवाचा लोखंडी चिमटा उचलला, चुलीतल्या राखेने घासला आणि आत सोडला. पाच मिनिटांत चिमट्याचं टोक तांब्याचं.

"बुवा, तुम्ही कुठला देव बुडवला होतात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू येत नव्हतं. मी विळीने चिमटा खरवडला. वर लाल पापुद्रा, खाली लोखंडच.

"नीट ऐका," मी म्हणाले. "तांबं हे मूलद्रव्य, त्यात तांब्याशिवाय काही नाही. मोरचूद हे संयुग. त्यात तांबं, गंधक आणि प्राणवायू एकमेकांना धरून असतात. संयुग झालं की तांब्याचा लाल रंग उरत नाही, म्हणून निळ्या पाण्यात ते तुम्हाला दिसलं नाही. लोखंड त्याची जागा घेतं आणि तांबं बाहेर पडून लोखंडावरच बसतं. भस्म कशाला? किल्लीचा गंज आणि तेलकटपणा घालवायला. आणि पोर ओकते ती कोपाने नाही. मोरचूद विष आहे."

तीर्थाचं भांडं बुवाच्या ओठांशी नेलं. "घ्या तीन पळ्या. तुमचंच तीर्थ आहे."

बुवाच्या तोंडचं पाणी पळालं. चिमटा तिथेच टाकून तो जिना उतरला. कुशाबाने बायकोकडे पाहिलं, नलूला त्याच निखळलेल्या खांद्यावर घेतलं आणि धावत सुटला.

मुदतीचा ताप होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस हे पाजलं असतं तर पोर हाती लागली नसती.

बाबांनो, हात जोडायच्या आधी एवढं विचारा, भांड्यात काय आहे? आणि पहिली पळी देणाऱ्यालाच पाजा.

कुशाबा अजून त्याच किल्लीने कुलूप उघडतो. लाल पापुद्रा निम्मा झिजलाय. तसबीर भिंतीवरच आहे. महिन्याभराने नलू वर्गात आली. मी संयुगाचं उदाहरण विचारलं. कुणी पाणी म्हणालं, कुणी मीठ. नलूने हळूच हात वर केला आणि म्हणाली, "मोरचूद."

उत्तर बरोबर होतं. पण ते तिला मी फळ्यावर शिकवणार होते, पोटात घालून नव्हे.