निवेसची वेणीफणी

योलांदाच्या डोक्यावरचा डोलारा तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा ती हसत होती. अंगणातल्या दोरीवरून कुणाची तरी चड्डी वाऱ्याने उडून पहिल्या मजल्यावर सोर, म्हणजे श्रीयुत, रिगेत्तोंच्या खिडकीत अडकली होती, आणि सोर रिगेत्तो ती दोन बोटांत धरून चारही इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "ही कुणाची?"

"तुमच्या मापाची नाही, एवढं नक्की!" योलांदा ओरडली आणि स्वतःच्याच विनोदावर अशी काही हसली की खुर्ची करकरली. तिच्या मस्तकावर दोन तास खपून बसवलेली कुरळ्या केसांची कमान आधी डावीकडे कलली, मग कपाळावर आली आणि शेवटी तिच्या नाकावर विसावली.

एर्सिलिया हातात सुई घेऊन मागे उभी होती. तिने लोकरीचा दोरा हळूच ओढून काढला, गुंडाळला आणि खिशात टाकला.

"पडलं का गं?" योलांदाने केसांच्या पडद्याआडून विचारलं.

"पडलं."

"माझे केसच वाईट. तेलकट. आटिचोकचा चीक लागतो ना दिवसभर."

"तुझे केस चांगले आहेत. कमरेपर्यंत केस असलेली दुसरी बाई मंडळात आहे का?"

योलांदाचा तेस्ताच्चो वस्तीच्या बाजारात भाजीचा गाळा होता. मार्च-एप्रिलमध्ये ती सकाळपासून दुपारपर्यंत आटिचोक, ती पाकळ्यापाकळ्यांची भाजी, सोलायची, त्यामुळे तिची बोटं वसंतभर काळी असायची. वर्षातून एक दिवस मात्र ती रोमन सरदाराची पत्नी व्हायची. एकवीस एप्रिलला, शहराच्या वाढदिवसाला, जुने रोमन वेष करणाऱ्या त्यांच्या हौशी मंडळाची मिरवणूक निघायची. पुढे निवृत्त ट्रामचालक सोर रिगेत्तो महापुरोहिताच्या वेषात, मागे ढाली घेतलेले चार-दोन पोस्टमन आणि एक दंतवैद्य, आणि त्यांच्या मागे पाच बायका. लोक बघायला यायचे ते या पाच बायकांचे केस. आणि ते केस बारा वर्षं निवेस बांधत आली होती.

निवेस म्हणजे एर्सिलियाची आई. तळमजल्यावर तिचं केशकर्तनालय होतं. तिथे ती आठवडाभर शेजारणींचे केस रंगवायची आणि रविवारी संग्रहालयात जाऊन संगमरवरी बायकांच्या पाठीमागे उभी राहायची. 'पुढून सगळेच बघतात,' ती म्हणायची, 'मागून बघितलं की कळतं काम कसं झालंय.' अशी कित्येक वर्षं मागून बघून तिचं मत पक्कं झालं होतं, की हे केस आकड्यांनी अडकवलेले नाहीत, शिवलेले आहेत. मग तिने बैलाच्या हाडाची, बोथट टोकाची सुई घासून घासून तयार केली, केसांच्या रंगाची लोकर आणली आणि शिवायला सुरुवात केली. आकडा नाही, क्लिप नाही, फवारा नाही. पाण्याचा हात, तेलाचं बोट, लाकडी कंगवा, राखेत तापवलेली सळई आणि सुईदोरा.

नोव्हेंबरात निवेस गेली. मागे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. वहीत फक्त कोणाला कोणता रंग, एवढंच.

मंडळाच्या बैठकीत सोर रिगेत्तोंनी घसा साफ करून सांगितलं होतं, "निवेसबाईंची जागा भरून निघणारी नाही. म्हणून यंदा विग. दुकानात बघून आलोय. बरे आहेत. दुरून."

"नायलॉनचे?" एर्सिलियाने विचारलं होतं. ती बैठकीत सहसा बोलायची नाही. पालिकेच्या ग्रंथालयात काम करणारी, आवाज चढवायची सवय नसलेली बाई. "मी करते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. निवेसच्या हाताखाली बारा वर्षं तिचंही डोकं असायचं हे खरं. मिरवणुकीत पाचांतली एक तीच असायची. पण ज्याच्या डोक्यावर काम होतं त्याला त्यातलं काय दिसणार?

"एक डोकं करून दाखव," सोर रिगेत्तो म्हणाले. "नेहमीची चाचणी. रविवारी दुपारपर्यंत. दुकानदार थांबायला तयार नाही."

नेहमीची चाचणी म्हणजे अंगणाच्या तीन फेऱ्या, पायऱ्या एकदा चढून उतरणं आणि शेवटी लोहचुंबक. सोर रिगेत्तोंकडे ट्रामच्या कारखान्यातून आणलेला एक जाडजूड लोहचुंबक होता. कुणी केसांत लोखंडी आकडा लपवला असेल तर तो चुंबकाला बरोबर चिकटायचा. बारा वर्षांत निवेसच्या एकाही डोक्यात काही सापडलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटायचं.

एर्सिलियाने ग्रंथालयातली या विषयावरची सगळी पुस्तकं घरी आणली होती. त्यांत चित्रं होती, आराखडे होते, दोन विद्वानांचं भांडण होतं. तिने तेही वाचलं. संग्रहालयात जाऊन ती आईच्या जागी उभी राहिली. कोणती वेणी कुठे जाते हे तिला आता तोंडपाठ होतं. मागे सात वेण्या, त्यांचं वेटोळं, पुढे कुरळी कमान, आणि कमान वेटोळ्याला शिवलेली. सगळं जागच्या जागी. तरी ते पडायचं.

शुक्रवारी संध्याकाळी चौथं डोकं उभं राहिलं. योलांदाने अगदी मान न हलवता तीन फेऱ्या मारल्या, पायऱ्या चढली, उतरली. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. सोर रिगेत्तो चुंबक घेऊन पुढे आले, तिच्या डोक्याभोवती तो आरतीसारखा ओवाळला, आणि मानेजवळ 'टक्' असा आवाज झाला.

चुंबकाला एक काळा आकडा लोंबत होता.

"हा माझा नाही," योलांदा म्हणाली.

"मग तुमच्या केसांत कुणाचा?"

"वाऱ्याने आला असेल. या अंगणात चड्ड्या उडतात, आकडे नाही उडणार?"

एर्सिलियाने तो आकडा चुंबकावरून काढला. "योलांदा," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, एकच होता," योलांदा पुटपुटली. "तू इतकी दमली होतीस. म्हटलं, हातभार लावावा."

चोरून लावलेला आकडा निघाल्याबरोबर कमानही निघाली. सोर रिगेत्तोंनी चुंबक खिशात टाकला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तसं दिसलं नाही. "रविवार आहे अजून," एवढंच म्हणून ते वर गेले.

दोघी पायरीवर बसल्या. योलांदाने पिशवीतून दोन आटिचोक काढले आणि बोलता बोलता सोलायला घेतले, कारण रिकाम्या हातांनी तिला बसता येत नसे.

"रागावलीस?"

"नाही."

"रागाव की जरा. तुझी आई असती तर एव्हाना सगळं अंगण दणाणलं असतं." तिने सुरीचं टोक हवेत नाचवलं आणि निवेसचा घोगरा आवाज काढला. "मान खाली! खाली म्हणजे खाली, जमिनीत नाणं सापडतंय का बघ!"

वरच्या खिडकीतून सोर रिगेत्तोंचा आवाज आला, "भिंतीकडे बघ!"

"आता अंगणाकडे!" तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी पुढचा हुकूम दिला. दर एप्रिलमध्ये बारा वर्षं हे हुकूम सगळ्यांच्या कानांवर आदळले होते.

एर्सिलियाला हसू आलं. "हनुवटी वर," ती म्हणाली. "डोळे मीट, सळई गरम आहे. हलू नकोस. हस."

योलांदाची सुरी थांबली. "हस?"

"हो. शेवटी ती नेहमी हसवायची. काहीतरी गोष्ट सांगायची, बहुतेक वेळा सोर रिगेत्तोंची."

"मी ऐकतोय," वरून आवाज आला.

"मला वाटायचं, इतका वेळ अवघडून बसल्याची भरपाई म्हणून," एर्सिलिया म्हणाली. तिने दोन बोटं स्वतःच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे ठेवली आणि खोटंखोटं हसून बघितलं. बोटांखालची कातडी सरकली. कपाळ वर गेलं, कान मागे गेले, सगळी टाळू थोडी पुढे येऊन पुन्हा मागे गेली. तिने पुन्हा हसून बघितलं.

"काय झालं गं तुला?" योलांदाने काळजीने विचारलं. "वरच्यांना बोलावू?"

"योलांदा, मंगळवारी पडलं तेव्हा तू काय करत होतीस?"

"मंगळवारी? तो दंतवैद्य ढाल घेऊन दारात अडकला होता तेव्हा? हसत होते."

"बुधवारी?"

"बुधवारी... हसतच होते. पण मी नेहमीच हसते. माझं तोंडच तसं आहे."

"तेच ना!" एर्सिलियाचा आवाज चढला. तिचा तिलाच तो अनोळखी वाटला. "मी तुला मुकाट बसवून शिवते. तोंड गप्प असतं तेव्हा टाका घट्ट बसतो, आणि तू हसलीस की सगळं डोकं सरकतं, दोरा ताणतो आणि कमान सुटते. आई शेवटचा टाका हसताना घालायची! म्हणजे दोऱ्याला हसण्यापुरती जागा आधीच ठेवलेली असायची."

वरच्या खिडकीतून सोर रिगेत्तो म्हणाले, "बारा वर्षं ती बाई माझ्या नावाने गोष्टी सांगत होती, ती तंत्र म्हणून?"

"तंत्र म्हणूनही," एर्सिलिया म्हणाली.

रविवारी सकाळी खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली गेली. प्रार्थना आटोपून आलेली सगळी मंडळी जिन्यांवर, खिडक्यांत, नारिंगीच्या झाडाखाली जमली. एर्सिलियाने आज पुस्तक उघडलं नाही. ती आईच्याच क्रमाने गेली. मान खाली म्हटलं की मानेवरच्या वेण्या. भिंतीकडे म्हटलं की डावी बाजू, कानामागून, जिथे नेहमी थोडं दुखायचं. तिथे दुखलं पाहिजे, हे तिला आठवलं.

"आई गं!" योलांदा ओरडली.

"बरोबर," एर्सिलिया समाधानाने म्हणाली.

तासाभराने वेटोळं बसलं, सळईने पुढचे केस कुरळे झाले, कमान उभी राहिली. सुईत शेवटचा दोरा ओवला गेला.

"हस," एर्सिलिया म्हणाली.

योलांदाने दात दाखवले. एर्सिलियाने नकारार्थी मान हलवली. "खरं."

"आता हस म्हटल्यावर कसं हसू येणार? मेलं, नेहमी न बोलावता येतं." ती घाबरली होती. "कुणीतरी काहीतरी सांगा की!"

दंतवैद्याने एक विनोद सांगितला. तो दातांबद्दल होता. कुणी हसलं नाही. सोर रिगेत्तोंनी चड्डीचा विषय काढून बघितला, पण तो आता जुना झाला होता.

एर्सिलिया सुई धरून उभी होती. तिला गोष्टी सांगता येत नसत. पण एक गोष्ट होती. ती तिने अजून कुणालाच सांगितली नव्हती.

"शेवटच्या आठवड्यात," ती सुरुवात करून थांबली, आणि मग पुढे म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये एक नर्स होती. तिचा अंबाडा नेहमी वाकडा. आईला ते बघवेना. एक दिवस तिने त्या पोरीला पलंगावर बसवलं आणि स्वतः उशीला टेकून तिचे केस सोडले. हातात त्राण नव्हतं, तरी. अर्धे केस झाले आणि मोठे डॉक्टर फेरीवर आले. पलंगावर नर्स, मागे आई, तोंडात कंगवा. डॉक्टर म्हणाले, 'इथे पेशंट कोण आहे?' आई म्हणाली, 'ज्याचे केस जास्त वाईट तो.' मग तिने डॉक्टरांकडे नीट बघितलं. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता. म्हणाली, 'तुम्ही रांगेत थांबू नका, डॉक्टर. तुमच्या बाबतीत आम्ही सगळे प्रयत्न केले.'"

योलांदाच्या पोटातून एक गडगडाट उठला, खांद्यांतून वर आला, आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जिन्यांवर, खिडक्यांत सगळे हसत होते. एर्सिलियाही हसत होती, गाल ओले होते, आणि त्या धक्क्यांच्या मधून तिची सुई आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

"हसत राहा," ती म्हणत होती, "अजून दोन टाके, हसत राहा."

तीन फेऱ्या झाल्या. त्या योलांदाने मान ताठ ठेवून नाही, तर डोकं मागे टाकून, डॉक्टरांची नक्कल करत मारल्या. पायऱ्या ती धावत चढली. कमान डोलली आणि जागेवर राहिली. सोर रिगेत्तोंनी चुंबक काढला, कमानीवरून, वेटोळ्यावरून, दोन्ही कानांमागून फिरवला. सवयीने दोनदा फिरवला. काही चिकटलं नाही.

त्यांनी खिशातून फोन काढून सगळ्यांसमोर दुकानाला लावला.

"महापुरोहित बोलतोय. म्हणजे, रिगेत्तो. विग नकोत... नाही, स्वस्त केले तरी नकोत... नाही हो, आमच्या बायका टकल्या झालेल्या नाहीत." फोन ठेवून ते एर्सिलियाकडे वळले. "बाकीच्या चार डोक्यांसाठी तुला गोष्टी लागतील. माझ्याकडे निवेसच्या पुष्कळ आहेत. एक तर अशी, की ती मी तिच्यासमोर कधीच सांगू शकलो नसतो."

"सांगा ना," एर्सिलिया म्हणाली, आणि ती आटिचोकच्या टोपलीशेजारी पायरीवर बसून ऐकू लागली.