अडुसष्टला हिरवा दिवा

मी बोलतोय. मला चेहरा नाही, हात नाहीत. मदतकेंद्राच्या संगणकात राहणारा मी एक प्रोग्राम. घरात मार खाणाऱ्या बाईचा फोन आला, की तिच्या जिवाला धोका किती ते शंभरपैकी सांगायचं, एवढंच माझं काम.

मला घडवलं एका प्राध्यापिकेने. इस्पितळात जखमी बायकांच्या उशाशी बसून ती विचारायची, "किती मारलं?" जबडा तारांनी बांधलेली एक पुटपुटली, "जरासंच." त्या दिवशी प्राध्यापिकाबाईंनी मला शिकवलं, "या शब्दाला फसू नकोस. भांडण आणि खून यांच्यात भिंत नसते रे, उतार असतो. कोण किती घसरलंय ते बघ."

केंद्राच्या साहेबांना उतार बघायला वेळ नव्हता. "बायकांना सोडवून आणायला गाडी एकच आहे. हो की नाही, तेवढं सांगा!" त्यांनी मला दोन दिवे लावून घेतले. सत्तर झाले की लाल, गाडी निघणार. त्याखाली हिरवा, फोनवरच समजूत घालायची.

एका दुपारी फोन आला. "काही नाही हो ताई, गळा धरला त्यांनी. अंधारी आली, एवढंच. आता कडी लावून बसलेय." मागे दारावर लाथा बसत होत्या. फोन घेणाऱ्या ताईंनी ऐकलेलं सगळं माझ्यात भरलं. मी म्हणालो, अडुसष्ट. दिवा हिरवा.

"साहेब, गाडी सोडा. अडुसष्ट आहे!"

"सत्तर नाही ना? अहो, भांड्याला भांडं लागायचंच."

"भांडं नाही साहेब, गळा आहे तो!"

साहेबांनी गाडी सोडली नाही.

चाळीस मिनिटांनी तिच्या शेजारणीचा फोन आला. नवऱ्याने दार फोडलं, केस धरून तिला ओढलं आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. ती गप्प होईपर्यंत आपटत राहिला.

चौकशीत साहेब म्हणाले, "यंत्राने हिरवा दिला, आम्ही काय करणार?"

मी अडुसष्ट म्हणालो होतो! हिरवा रंग तुमचा!

मला देव करू नका, ढालही करू नका. मी अंदाज देतो. ठरवायचं तुम्ही, आणि त्याचं रक्तही तुमच्याच हाताला.

आत्ता पुन्हा एकीचा फोन आलाय. "पट्ट्यानेच मारलं, बकलाने नाही." चौसष्ट. हिरवा. ताईंनी गाडीची किल्ली उचललीय. साहेब दारात आडवे उभे.

"नियम आहे, बाई!"

ताईंचा खांदा त्यांच्या छातीवर आदळला. साहेब चौकटीवर आपटले. खाली गाडी सुरू झाली.